यात भावाचा रकाना नाही

माननीय मंत्रीमहोदय,
सादर नमस्कार.

गेल्या बुधवारी लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणी, करायला मी केंद्रात गेले. तीन तास रांग, त्यात दोनदा साइट बंद. शेवटी स्क्रीन उघडली आणि तिनं नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर मागितला. माझे वडील २००३ साली गेले. तेव्हा देशात कुणाकडेच आधार नव्हतं. लग्न माझं झालं नाही. केंद्रातल्या मुलाला मी म्हटलं, "भावाचा घाल की बाळा." तो म्हणाला, "मावशी, यात भावाचा रकाना नाही."

साहेब, बावीस वर्षं आमचं घर त्या भावावर उभं आहे.

इचलकरंजीत एका खोलीत आम्ही तिघं राहतो. मी ५१, बहीण ४६, भाऊ ४३. भाऊ यंत्रमागावर जातो, बारा तासांची पाळी. मी घरी कांड्या भरते, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळते. आधी बहिणींची लग्नं, मग माझं, असं तो म्हणत राहिला आणि कुणाचंच झालं नाही. साधे माग भंगारात निघाले तशी आठवड्याची पगारी कमी झाली. बहिणीला धाप आहे. रात्री ती भिंतीला पाठ लावून बसून झोपते. आडवी झाली की श्वास अडकतो. श्वासाच्या औषधाचा पंप संपत आला की दोन वेळचा एक वेळ करते आणि आम्हाला सांगत नाही. मी डबी हलवून बघते तेव्हा कळतं.

तिच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केला. ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्री त्यात बसते. पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. वर्षाला! दिवसाचे ५७ रुपये झाले, आम्हा तिघांत वाटले तर माणशी १९. एवढ्यात तिघं जगतील असं कोणत्या अधिकाऱ्यानं ठरवलं? त्यानं एकदा आमच्या गल्लीतल्या दुकानात तेलाची पिशवी विकत घेऊन दाखवावी. भावाची पगारी धरली आणि बहिणीचा अर्ज बाद झाला.

मग लाडकी बहीण. तिथं कुटुंबात अविवाहित बाई एकच चालते. दोघी सख्ख्या बहिणी, एक केशरी कार्ड, म्हणून एकीलाच महिन्याला १,५००. अर्ज कुणी करायचा यावर आम्ही दोघी दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही. तिला मिळावेत असं मला वाटत होतं, मला मिळावेत असं तिला. शेवटी तिनं माझा फॉर्म भरून आणला. आणि याच योजनेत चौदा हजारांवर पुरुषांच्या खात्यात पैसे गेले, हे पेपरात वाचलं. पुरुष चालले, माझी धाकटी बहीण नाही चालली.

उत्पन्न मोजताना भाऊ आमच्या कुटुंबात येतो, ओळख पटवताना तोच भाऊ बाहेर जातो. आम्ही कुटुंब आहोत की नाही, एकदाचं ठरवा. एक टर्म आमदार राहिलेल्या माणसाला महिन्याला ५०,००० पेन्शन देता, तेव्हा त्याच्या भावाचं उत्पन्न विचारता का? लाडक्या बहिणीचे १,५०० चे २,१०० करू म्हणून निवडणुकीत सांगितलं, आमच्या गल्लीत गाडी फिरवून सांगितलं. मतं घेताना आमच्या दारात आलेल्यांनी नवऱ्याचं आधार मागितलं नव्हतं. दोन्ही बहिणींची मतं घेतली. खरं सांगते, आता कोणत्याच पक्षाची गाडी आली तरी मी दार उघडणार नाही. माग बंद पडले तेव्हा कुणी आलं नाही, वीज महागली तेव्हा कुणी आलं नाही. या राज्यात बाईला नवरा नसेल, बाप नसेल तर कागदावर ती कुणाचीच नाही.

ई-केवायसीत भाऊ-बहिणीचा रकाना घाला. एका घरातल्या दुसऱ्या अविवाहित बहिणीला हक्क द्या. निराधारची २१,००० ची अट बदला आणि आजारी बहिणीच्या अर्जात भावाची पगारी धरू नका.

मंगळवारी भाऊ पाळी बुडवून माझ्याबरोबर केंद्रात येणार आहे. वडिलांचा मृत्यूचा दाखला आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घातला आहे, घडीवर फाटलाय म्हणून मागून चिकटपट्टी लावली आहे. ते घेतात की नाही, तुम्हाला कळवेन.

आपली,
कांड्या भरणारी एक बहीण,
इचलकरंजी