सुटलेल्या नखावर ग्लू नको

महोदय,

लग्नसराई जवळ आली की ॲक्रिलिक नखे बसवून घेण्यासाठी पार्लरमध्ये रीघ लागते आणि आठ-दहा दिवस उलटत नाहीत तोच ‘नखे सुटायला लागली’ ही तक्रार घेऊन त्यांतल्या कितीतरी जणी परत येतात. आमच्या व्यवसायात याला ‘लिफ्टिंग’ म्हणतात. त्यावर बहुतेक ठिकाणी दोनच उपाय केले जातात. एक म्हणजे ज्यांच्या मिश्रणातून ॲक्रिलिक नख घडते त्या पावडर आणि लिक्विडचा ब्रँड बदलणे आणि दुसरा म्हणजे सुटलेल्या कडेखाली नेल ग्लूचा थेंब सोडून ती दाबून धरणे. पहिल्या उपायाचा सहसा उपयोग होत नाही आणि दुसरा नखाला इजा करतो. हे काम करणारी आणि शिकवणारी म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

नख कुठून सुटले हे नीट पाहिले की निम्मे निदान तिथेच होते. दहाही नखे दोन-तीन दिवसांत क्युटिकलच्या, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेच्या, बाजूने सुटली असतील, तर पूर्वतयारीत कसूर राहिली असे समजावे. फक्त दोन्ही बाजूंच्या कडा सुटल्या असतील, तर बहुधा टिप (लांबी वाढवण्यासाठी नखावर चिकटवायचा प्लास्टिकचा तुकडा) नखाच्या रुंदीपेक्षा लहान निवडून ताणून बसवलेली असते, किंवा मिश्रण बाजूच्या त्वचेवर ओघळलेले असते. टोकाकडून सुटणाऱ्या नखाला त्याची लांबी झेपत नसते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एवढीच सुटली असतील, तर डब्यांची झाकणे नखाने उघडण्याच्या सवयीबद्दल ग्राहकाला विचारावे.

यांपैकी पूर्वतयारीतली कसूर मला सर्वांत जास्त वेळा दिसते. नखाच्या मुळाशी पृष्ठभागाला चिकटून राहिलेली पातळ, जवळजवळ पारदर्शक मृत त्वचा असते. ती सहजासहजी दिसत नाही, पण नख कोरडे करून तिरप्या उजेडात धरले आणि पुशर (ही त्वचा मागे सारण्याचे चपट्या टोकाचे साधन) हलक्या हाताने फिरवला की पांढुरकी पूड निघू लागते. ही पूड निघायची थांबेपर्यंत पुढचे काम सुरू करू नये, कारण या त्वचेवर बसलेले ॲक्रिलिक नखाला चिकटलेलेच नसते. नख वाढू लागले की ते मुळापासून सुटते आणि त्या फटीत केस अडकू लागतात. यानंतर १८० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचे माप) फाइलने नखाची चकाकी तेवढी घालवायची असते. जोरजोराने घासले की पकड वाढते हा समज अत्यंत चुकीचा आहे. घासून पातळ झालेले नख अधिक वाकते, वरचे कडक ॲक्रिलिक तितके वाकत नाही आणि दोघांमधली पकड तुटते. नखावरची ओल आणि तेलकटपणा घालवणारे डिहायड्रेटर लावल्यावर तर नखाला बोटही लागता कामा नये. ॲक्रिलिकची पकड वाढवणारा प्रायमर नख जेमतेम ओले होईल इतकाच लावावा आणि ॲसिडचा प्रायमर असेल तर तो पूर्ण वाळून नख खडूसारखे पांढरे दिसू द्यावे.

मिश्रणाचेही तसेच आहे. ब्रशच्या टोकाने उचललेला मणी नखावर ठेवल्यावर क्षणभर आपला गोलवा धरून मग सावकाश पसरला पाहिजे. ठेवताक्षणी तो वाहू लागला, तर लिक्विड जास्त झाले आहे. असे पातळ मिश्रण क्युटिकलवर जाते, घट्ट होताना अधिक आकसते आणि त्वचेला ॲलर्जी होण्याची शक्यता वाढवते. त्वचा आणि ॲक्रिलिक यांच्यामध्ये केसभर अंतर राहिलेच पाहिजे. एसीचा झोत थेट टेबलावर येत असेल तर मिश्रण घट्ट व्हायला वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याकडच्या लग्नांत आणखी एक कारण हमखास आढळते. हळदीच्या उटण्यात तेल असते, मेंदी रंगावी म्हणून हातांना निलगिरीचे किंवा खोबरेल तेल चोळले जाते, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच हातांवर नखे बसवली जातात. तेल मुरलेल्या नखावर ॲक्रिलिक टिकत नाही. नखे हळदी-मेंदीच्या आधी बसवून घ्यावीत. ते जमत नसेल तर आधी हात साबणाने स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. नंतरही भांडी-कपडे धुताना हातमोजे घालावेत, कारण पाण्यात नख फुगते आणि सुकल्यावर आकसते.

स्वस्त लिक्विडबद्दलही सावध करायला हवे. मिथाइल मेथाक्रिलेट असलेल्या लिक्विडला उग्र वास येतो, ते नखावर फार कडक होते आणि ॲसिटोनमध्ये सहजी विरघळत नाही. असे नख कुठे अडकले, तर ॲक्रिलिक तुटण्याऐवजी खालचे मूळ नख उपटले जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७०च्या दशकात शंभर टक्के मिथाइल मेथाक्रिलेट असलेली नखांची उत्पादने न्यायालयीन कारवाई करून बाजारातून हटवली होती. त्याऐवजी वापरायचे इथाइल मेथाक्रिलेटचे लिक्विड महाग पडते, पण ग्राहकांनी वापरले जाणारे लिक्विड कोणते हे विचारावे आणि पार्लरने बाटली दाखवावी.

आता ग्लूविषयी. सुटलेल्या कडेखाली ओल साचलेली असते आणि वरून ग्लू सोडला की ती आतच कोंडली जाते. अशा जागी स्यूडोमोनास जातीचे जीवाणू वाढतात व नखावर हिरवट डाग पडतो. अलीकडे माझ्याकडे आलेल्या एका नवरीच्या अनामिकेवर असा डाग होता आणि आधीच्या पार्लरने तो गडद रंगाखाली झाकून दिला होता. असा डाग दिसताच त्या नखावरचे ॲक्रिलिक पूर्ण काढावे, नख कोरडे ठेवावे आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. काढताना वरचा थर फाइलने कमी करून ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस २० ते ३० मिनिटे फॉइलने गुंडाळून ठेवावा. टिपेखाली दुसरी टिप घालून उचकटू नये, त्यात नखाचे थर सोलून निघतात.

नीट पूर्वतयारी करायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे ग्राहकाने द्यावेत, हे मला रास्त वाटते. म्हणून पार्लरचालकांना माझी विनंती आहे की त्यांनी दरपत्रकात नखे बसवण्याच्या दराशेजारी दोन-तीन आठवड्यांनी करायच्या रिफिलचा (नख वाढल्याने मुळाशी पडलेली मोकळी जागा भरण्याचा) आणि नखे काढण्याचा दरही छापावा, म्हणजे घरी ग्लू विकत आणण्याची किंवा नखे उपटून काढण्याची वेळ ग्राहकावर येणार नाही.

आपली विश्वासू,
एक नेल टेक्निशियन व प्रशिक्षिका, ठाणे