माळढोकाच्या वाळवंटात जाताना

महोदय,

थंडीच्या सुट्टीत जैसलमेरला जाणारी मराठी मंडळी सम गावाजवळच्या वाळूवर उंटाची फेरी मारून परततात. तिथलं डेझर्ट नॅशनल पार्क मात्र ३,१६२ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यात वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा भाग. खरं वन्यजीवन आहे ते सेवण गवताच्या माळावर, पार्कातल्या सुदासरीच्या बाजूला. सोलापूरजवळच्या नान्नजला आता जवळपास नाहीसा झालेला माळढोक हा मोठा माळपक्षी पाहण्याची आशा अजून इथंच आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावं. वनखात्याचा परवाना आदल्या दिवशीच काढावा आणि सूर्योदयाला माळावर असावं. दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते, दुर्बिणीतून पक्षी लहरतो, फोटो तर कधीच नीट येत नाही. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. वाऱ्यात कॅमेऱ्याची लेन्स बदलू नये, आत वाळू जाते. पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर हवाच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोटोसाठी जीप वाटेवरून खाली उतरवायला लावणं. थंडीत सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, बिळाचं तोंड मातीनं बुजवून आत निजलेला असतो. वरून बीळ दिसत नाही, चाकाखाली ते ढासळतं. माळढोकही उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. चालकाला निघतानाच बजावून सांगा: गाडी वाटेवरच राहील.

– एक पक्षिनिरीक्षक, सोलापूर