चिऊ, त्या असाइनमेंटबद्दल

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवताच स्टँडवर गेलीस. आईने दशम्या दिल्या, पण चटणीची डबी ओट्यावरच राहिली. आत्यासमोर मी विचारायला नको होतं, "उत्तरं ग्रुपवरून घेतेस का?" माझं चुकलं. पण तीन दिवस झाले, तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही.

"सगळ्या असाइनमेंटना पंचाण्णवच्या वर आहेत," असं तू म्हणालीस. एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिकवणीच्या, तुझ्या बारा आठवड्यांच्या कोर्सला असाइनमेंटचे गुण २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये किमान १० लागतात आणि परीक्षेत किमान ३०, दोन्ही वेगवेगळे. म्हणजे असाइनमेंटचे २४ आणि परीक्षेचे २२ मिळून ४६ झाले, तरी प्रमाणपत्र नाही. ग्रुपवरची उत्तरं परीक्षेला सोबत येत नाहीत गं. उलट बारापैकी सर्वोत्तम आठच असाइनमेंट धरतात. चार आठवडे कमी पडले तरी चालतात, मग स्वतः चुकायला काय हरकत आहे?

व्हिडिओ दुप्पट वेगाने बघतेस, ते बंद कर. पुढची ओळ सरच लिहितात, म्हणून ती आपल्यालाही सुचली असती असं वाटत राहतं. उदाहरणाचा प्रश्न वाचून झाला की व्हिडिओ थांबव आणि दहा मिनिटं कागदावर झटापट कर. अडलीस की पुढे बघ. प्रत्येक व्हिडिओनंतर वही मिटून कोऱ्या पानावर आठवेल तेवढं लिही, मग वही उघडून राहिलेलं लाल पेनाने भर. ते लाल दिसतं ना, तोच दुसऱ्या दिवशीचा अभ्यास.

चुकांची वेगळी वही कर. "उत्तर ब होतं" एवढं लिहून भागत नाही. आपण काय धरून चाललो होतो ते लिहायचं. समजा १००० माणसांत १० आजारी आहेत. तपासणीत त्यातले ९ सापडतात, पण ९९० निरोग्यांतल्या ९९ जणांनाही ती आजारी ठरवते. आता आजारी ठरलेल्या १०८ जणांत खरे आजारी ९, म्हणजे बारांत एक. तू "दहात नऊ" लिहिलंस तर वहीत असं येईल: "आजारींपैकी किती सापडले हे मोजलं, सापडलेल्यांपैकी आजारी किती हे विचारलं होतं." अशी दहा वाक्यं जमली की आपण नेमके कुठे घसरतो ते दिसतं. तयार उत्तर उतरवलं की हेच पान कोरं राहतं.

पुन्हा तेच आलं बघ. रागावू नकोस.

चौथीत असताना दिवाळीला तू १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी घेतली होतीस. ठिपके हलले की फडक्याने पुसायचीस, पुन्हा पहिल्या ओळीपासून. आईला हात लावू दिला नाहीस. अंधार पडला तेव्हा मीच दिवा धरून उभा होतो. ती चिऊ कुणाची उत्तरं घेईल असं मला वाटत नाही. भीती वाटते ती एवढीच की तिथे दिवा धरायला कुणी नाही, आणि अडलं तरी तू बोलत नाहीस.

अर्धा तास प्रयत्न करूनही सुटलं नाही तर कोर्सच्या चर्चामंचावर विचार. "समजलं नाही" असं नको. इथपर्यंत आले, या पायरीला अडले, असं लिहिलं की मदत करणाऱ्याला नेमकं सांगता येतं. बसायची वेळही आधीच ठरव. आठवड्याचे व्हिडिओ साधारण अडीच तासांचे असतात, पण थांबत थांबत, गणितं करत बघायचे तर पाच-सहा तास लागतात. शेवटच्या रात्री ते मावत नाहीत, आणि मग हात ग्रुपकडे जातो.

कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं होत नाही. तो वेगळा भरायचा, फीही वेगळी. शेवटची तारीख आजच बघ. पैसे मी पाठवतो.

चटणी उद्या पार्सलने येईल. या आठवड्याची असाइनमेंट एकटीने सोडव, चाळीस पडले तरी पडू देत. चुकांच्या वहीचं पहिलं पान झालं की फोटो पाठव.

तुझा,
बाबा