‘चेर्नोबिल’ मालिका पाहून कशाची भीती बाळगायची?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोव्हिएत संघातील 1986 च्या अणुभट्टी अपघातावरची ‘चेर्नोबिल’ ही पाच भागांची इंग्रजी मालिका 2019 साली आली, तेव्हापासून आपल्याकडे जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाचा विषय निघाला की कोणी ना कोणी तिचा दाखला देतोच. एक पक्ष म्हणतो, ही मालिका पाहा म्हणजे आम्हाला अणुवीज का नको ते कळेल. दुसरा म्हणतो, हा सगळा पाश्चात्त्यांचा अपप्रचार आहे. आपल्या वाचकपत्रांच्या सदरातही हे दोन्ही सूर उमटलेले दिसले. भौतिकशास्त्र शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षे गेलेला वाचक म्हणून मला असे वाटते, की दोन्ही पक्षांनी मालिकेतील नेमका कच्चा भाग हाताशी धरला आहे आणि पक्का भाग तसाच सोडून दिला आहे.

मालिका सर्वांत भयानक जिथे होते, तिथेच ती शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत दुबळी आहे. वितळलेले इंधन खालच्या पाण्याला भिडले तर काही मेगाटनांचा स्फोट होईल, असे एक पात्र सांगते; वाफेचा स्फोट झाला असता हे खरे, पण तो अणुबाँबच्या मापाने मोजण्याजोगा होणे शक्य नव्हते. पुलावर उभे राहून आग पाहणाऱ्यांपैकी कोणीच वाचले नाही, या गोष्टीला विश्वासार्ह पुरावा नाही. पहिल्या दिवसांत कोसळताना दाखवलेले हेलिकॉप्टर प्रत्यक्षात ऑक्टोबर 1986 मध्ये क्रेनच्या तारेला अडकून पडले. अग्निशमन दलाच्या जवानांवर मॉस्कोत उपचार करणाऱ्या पथकातील अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट गेल यांनी तर मालिका पाहिल्यावर जाहीरपणे आक्षेप घेतला, की कपडे काढून अंग धुतल्यानंतर असे रुग्ण जवळच्या माणसांना धोकादायक राहत नाहीत. हा आक्षेप क्षुल्लक नव्हे. किरणोत्सर्ग म्हणजे संसर्गजन्य रोग, हा समज त्या प्रदेशातून हलवलेल्या माणसांना वर्षानुवर्षे छळत आला आहे.

मग मालिका खोटी म्हणायची का? मुळीच नाही. शेवटच्या भागात न्यायालयात लाल आणि निळ्या पाट्या लावून अणुभट्टीचा तोल कसा गेला हे समजावून दिले आहे. इतके चोख विवेचन मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेले नाही. (तिथे हे विवेचन करताना दाखवलेले सोव्हिएत शास्त्रज्ञ वालेरी लेगासोव्ह प्रत्यक्षात त्या खटल्याला हजरच नव्हते आणि उलाना खोम्युक हे पात्र अनेक शास्त्रज्ञ मिळून एक असे रचलेले आहे, नाटकाला एवढी मुभा द्यायला हवी.) 26 एप्रिल 1986 च्या पहाटे चौथ्या अणुभट्टीवर जी चाचणी घ्यायची होती, ती 700 मेगावॅटच्या आसपास व्हायला हवी होती. शक्ती एकदम 30 मेगावॅटपर्यंत घसरली, ती रेटून 200 वर आणण्यासाठी प्रक्रियेला लगाम घालणाऱ्या बहुतेक नियंत्रक कांड्या बाहेर ओढल्या गेल्या आणि अखेरीस सगळे थांबवण्यासाठी सर्व कांड्या एकदम आत सोडणारी आपत्कालीन कळ दाबली गेली. कांड्यांच्या टोकांना ग्रॅफाइट, म्हणजे या भट्टीत प्रक्रिया चालू ठेवणारा पदार्थ, असल्यामुळे त्या आत शिरताना पहिल्या काही क्षणांत प्रक्रिया मंदावण्याऐवजी भडकली.

खरी हादरवणारी गोष्ट पुढे आहे. हा दोष त्या रात्री प्रथम प्रकट झाला नव्हता. 1975 साली लेनिनग्राडच्या केंद्रात अपघात होऊन याच जातीच्या अणुभट्टीचा अस्थिर स्वभाव कळला होता, आणि कांड्या आत जाताना शक्ती वाढते हे 1983 मध्ये लिथुआनियातील इग्नालिना केंद्र सुरू करतेवेळी मोजले गेले होते. भट्टीचे आराखडे करणाऱ्यांना ते ठाऊक होते. कळ दाबणाऱ्यांना मात्र कोणी बजावले नाही. योगायोग असा, की मालिकेचे बरेच चित्रीकरण त्याच, आता बंद झालेल्या इग्नालिना केंद्रात झाले. 1986 च्या व्हिएन्ना येथील बैठकीत सोव्हिएत अहवालाने बहुतांश ठपका चालकांवर ठेवला; आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनी 1992 मध्ये तो निष्कर्ष दुरुस्त करून आराखड्यातील दोषांकडे बोट दाखवले. तोवर केंद्राच्या तीन प्रमुख अधिकाऱ्यांना दहा-दहा वर्षांच्या शिक्षा झालेल्या होत्या. त्यांची काहीच चूक नव्हती असे नाही, पण अर्धी माहिती हाती देऊन पूर्ण शिक्षा मागण्याचा हा प्रकार होता.

लपवाछपवीची किंमत लोकांनी कशी मोजली, हे दुधाच्या उदाहरणावरून कळते आणि मालिकेने त्यावर फारसा भर दिलेला नाही याचे मला आश्चर्य वाटते. केंद्राशेजारचे प्रिप्यात शहर सुमारे दीड दिवसाने रिकामे केले गेले, पण कीव्हमध्ये 1 मे रोजी संचलन ठरल्याप्रमाणे झाले आणि गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवर बोलले ते 14 मे रोजी. या काळात किरणोत्सारी आयोडीन गवतातून गायीत आणि दुधातून मुलांत पोहोचत राहिले. त्या वेळी बालवयात असलेल्यांमध्ये 2005 पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे 6,000 हून अधिक रुग्ण आढळले. बहुतेक जण उपचारांनी बचावले, पण ते दूध वेळीच थांबवले असते तर यातील बरेच जण आजारीच पडले नसते.

रशियातील एका छोट्या कम्युनिस्ट पक्षाने मालिकेवर बंदीची मागणी केली, हे म्हणूनच अपेक्षित होते. तिकडे प्रिप्यातला जाणाऱ्या पर्यटकांची गर्दी वाढली आणि काहींच्या छायाचित्रांचा सवंगपणा पाहून मालिकेचे लेखक क्रेग मेझिन यांना लोकांना आदर राखण्याची विनंती करावी लागली. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता कोकणाकडे येतो. जैतापूर प्रकल्पासाठी माडबनला जी अणुभट्टी योजली आहे तिच्यात पाणीच प्रक्रिया चालू ठेवते, त्यामुळे पाणी गेले तर प्रक्रिया मंदावते. शिवाय चेर्नोबिलला नसलेले काँक्रीटचे भक्कम कवच तिला असते. तेव्हा ‘जैतापूरचे चेर्नोबिल होईल’ ही घोषणा तंत्राच्या कसोटीवर टिकत नाही. (गाभ्यातील उष्णता काढून घेण्याचा प्रश्न मात्र अशा भट्टीतही उरतोच, हे 2011 मध्ये फुकुशिमाने दाखवले.) परंतु विरोधकांची घोषणा पडली म्हणजे समर्थकांचे सगळे आश्वासन उभे राहिले असे होत नाही. चेर्नोबिलमध्ये भट्टी बांधणारे, चालवणारे आणि तपासणारे अखेरीस एकाच छत्राखाली होते. आपल्याकडील अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 साली स्थापन झाले आणि त्याला पुरेशी स्वायत्तता नाही, असे खुद्द ‘कॅग’ने (देशाच्या महालेखापरीक्षकांनी) 2012 च्या अहवालात नमूद केले. स्वतंत्र नियामकासाठी 2011 मध्ये लोकसभेत आलेले विधेयक मंजूर न होताच निकालात निघाले. कायदे पुढेही बदलत राहतील; परंतु तपासणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते का, हा प्रश्न प्रत्येक बदलाला विचारावा लागेल.

नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालांत देशातील केंद्रांवर घडलेल्या उल्लेखनीय घटनांची नोंद असते. तारापूर आपल्याच राज्यात असून 1969 पासून चालत आले आहे, तरी या नोंदी मराठी वाचकांच्या क्वचितच वाचनात येतात. आपल्या दैनिकाने दरवर्षी तारापूरपुरता तो भाग सोप्या मराठीत, कोणतीही टिप्पणी न करता, छापावा अशी विनंती आहे. जैतापूरच्या चर्चेला मालिकेतील प्रसंगांपेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी