शुल्कमाफीचा भार कापूस उत्पादकावरच का?

मा. संपादक, स.न.

कालचा अग्रलेख वाचला आणि संताप आवरेना. प्रगत देशांनी कापडासारखे जुने धंदे सोडून दिले तरी ते श्रीमंतच राहिले, म्हणून आपणही कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क कायमचं काढावं, असं आपण लिहिलंत.

सोडून दिले? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅनापोलिसची टॉवेल-चादरींची गिरणी ३० जुलै २००३ रोजी बंद पडली, तेव्हा त्या एका राज्यात सुमारे ४,८०० माणसं घरी बसली. त्यांनी काही सोडलं नव्हतं. यंत्रांमुळे कामगार घटले असं सांगितलं जातं, तेही अर्धंच खरं. १९७९ ते २००० या काळात तिथले कारखान्यांतले कामगार सुमारे १ कोटी ९५ लाखांवरून १ कोटी ७३ लाखांवर आले. २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, तिथला स्वस्त माल वाढला आणि २०१० मध्ये आकडा १ कोटी १५ लाखांवर होता. मधल्या मंदीचा वाटा धरला तरी ही घसरण एकट्या यंत्रांची नाही. पण तिथे १९६२ पासून आयातीमुळे नोकरी गेलेल्यांना भत्ता आणि नवं काम शिकवणारी योजना तरी होती.

आम्हाला काय होतं? १९ ऑगस्ट २०२५ पासून शुल्क माफ झालं, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेरपर्यंत. नेमका आमचा वेचणीचा हंगाम! अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावल्यावर गिरण्यांना दिलासा हवा होता, मान्य. तो आमच्या खिशातून का?

२०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. गावोगाव फिरणारा खेडा खरेदीवाला व्यापारी दारात आला, कापूस मुठीत दाबून पाहिला आणि म्हणाला, ‘भाऊ, बाहेरचा माल येऊ राहिला, सात हजाराच्या वर जमणार नाही.’ म्हणून गाडी भरून सरकारी केंद्रावर नेली, तर ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला. माल परत, भाडं अंगावर. पावसात भिजलेला कापूस वाळवायला मजूर मिळेना, घरात पाय ठेवायला जागा नाही, मुलीची फी भरायची होती. शेवटी त्याच व्यापाऱ्याला दिला, आणि तेव्हा त्याने आणखी दोनशे कमी केले.

बाहेरचा कापूस स्वस्त का पडतो, हेही एकदा लिहा. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि जिंकली. तेव्हा अनुदान बंद करण्याऐवजी अमेरिकेने २०१० मध्ये ब्राझीललाच वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचं कबूल केलं आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. स्वतःचा शेतकरी सांभाळायला ते इतकं मोजतात. त्यांच्याकडून शिकायचंच तर हे शिका. शुल्क काढणार असाल तर हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक आधी आमच्या खात्यात जमा करा.

आणखी एक. आपल्या अंकात सोन्याचा भाव रोज पहिल्या पानावर असतो. कापसाचा भाव आतल्या पानावर, तोही कधी असतो, कधी नसतो, आणि कुठल्या बाजाराचा ते कळत नाही. निदान हंगामात जळगाव, धरणगाव, बोदवड, चोपडा इथले खरेदी दर रोज छापा. दारात आलेल्या व्यापाऱ्यापुढे ठेवायला आमच्या हातात काहीतरी असू द्या.

– एक कापूस उत्पादक, ता. धरणगाव, जि. जळगाव