वीज गेली की फोनही जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तांब्याच्या तारांवरचे लँडलाइन फायबरवर नेण्याचे काम सध्या गावोगाव सुरू आहे. नंबर तोच राहतो, आवाज स्वच्छ येतो, वर इंटरनेटही मिळते. त्याबद्दल काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते एवढेच की, हा फोन आता इंटरनेटवर चालणार आणि घरातली वीज गेली की तो मुका होणार, हे जोडणी देताना कोणी सांगत नाही.

जुन्या फोनला घरची वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा पुरवठा त्याच दोन तारांतून घरापर्यंत यायचा. म्हणून अख्खे गाव अंधारात असले तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन ऐकू येई. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. आपला आवाज घरात बसवलेल्या डब्यात (मोडेममध्ये) बारीक तुकड्यांत (बहुधा २० मिलिसेकंदांच्या) कापला जातो आणि इंटरनेटवरून पुढे जातो. हा डबा चालतो भिंतीवरच्या सॉकेटवर. तिथली वीज गेली की संपले.

जुन्याचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. पहिला पाऊस पडला की लाइनवर खरखर, रस्ता खणताना केबल तुटली की पंधरा-पंधरा दिवस फोन बंद, तांबे कापून नेणारे वेगळेच. हे सगळे भोगून झाले आहे. पण तेव्हा फोन आणि दिवे एकाच वेळी जात नसत.

‘आता लँडलाइन वापरतो कोण, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे’, असे यावर हमखास ऐकवले जाते. शहरात ते खरे असेल. दापोली तालुक्यातले आमचे घर जांभ्याचे, जाड भिंतींचे, आणि वाडी खोलगटात. मोबाइलला रेंज हवी तर पाणंदीने वर देवळापर्यंत जावे लागते. घरात मोबाइल लागतो तो वाय-फाय कॉलिंगमुळे. २०१९ च्या अखेरीस आपल्याकडे सुरू झालेली ही सोय झकास आहे. वेगळे अ‍ॅप नको, नेहमीच्या नंबरवरून नेहमीसारखा फोन करायचा. फक्त तो टॉवरकडे न जाता घरच्या वाय-फायवरून जातो. म्हणजे पुन्हा त्याच डब्यातून! लँडलाइन, मोबाइल आणि व्हॉट्सअ‍ॅप अशी तीन साधने घरात दिसतात खरी, पण तिन्हींचा जीव एका अ‍ॅडॅप्टरमध्ये. त्यातून व्हॉट्सअ‍ॅपवरून १०८ किंवा ११२ लावता येत नाही, ते निराळेच.

आमच्याकडे जोडणीला आलेल्या मुलाने आईचा जुना फोन डब्याच्या मागच्या भोकात खोचला, माझ्या मोबाइलवर रिंग देऊन दाखवली आणि सही घेतली. आईने विचारले, ‘‘बाळा, लाइट गेली तर रे?’’ ‘‘इन्व्हर्टर घ्या ना आजी,’’ म्हणाला आणि स्कूटरला किक मारली. मुलगा वाईट नव्हता. त्याला जे शिकवले तेवढेच त्याने केले. सहीच्या कागदावर मात्र याबद्दल अक्षरही नव्हते, आणि तो कागदही इंग्रजीत.

कोकणात वीज जाणे म्हणजे तास-दोन तासांचा प्रश्न नसतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना घरची माणसे सुखरूप आहेत का, एवढे कळायलाही किती वाट पाहावी लागली ते विचारू नका. इतक्या मोठ्या संकटात कुठलीच बॅटरी पुरणार नाही, हे मान्य. पण पावसाळ्यात रात्री-अपरात्री चार-सहा तास वीज जाते, तेवढ्यापुरती सोय करणे अवघड नाही.

इतर देशांनी ती केली आहे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ मध्येच नियम केला (तो सप्टेंबर २०२५ पर्यंत लागू होता) की, अशा फोनसाठी किमान आठ तासांची बॅटरी कंपनीने विकत उपलब्ध करून द्यावी आणि वीज गेल्यावर काय होईल, हे ग्राहकाला जोडणीच्या वेळी व पुढे दरवर्षी सांगावे. ब्रिटनमध्ये जे लँडलाइनवरच अवलंबून आहेत, त्यांना आपत्कालीन फोनसाठी निदान एक तासाची सोय मोफत द्यावी लागते. तिथेही हे सुखासुखी झाले नाही. वादळांत लोकांचे हाल झाल्यावर २०२२ मध्ये तिथल्या बीटी या टेलिफोन कंपनीला हे स्थलांतर काही काळ थांबवावे लागले, आणि जुने जाळे बंद करण्याची मुदत २०२५ वरून जानेवारी २०२७ वर गेली.

आपल्याकडे ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) निदान एवढे तरी करावे: जोडणीच्या कागदावर ठळक मराठीत ‘वीज नसताना हा फोन चालणार नाही’ हे वाक्य, आणि डब्यासोबत बॅटरी घेण्याचा पर्याय. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना ती कंपनीने द्यावी. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांना काही तास पुरणारा छोटा यूपीएस बाजारात एक-दोन हजारांत मिळतो. वर्षाच्या बिलाकडे पाहिले तर ही रक्कम काही फार नाही.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांचे आई-वडील गावी एकटे आहेत, त्यांनी असा यूपीएस घेऊन ठेवावा. अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर आधी बघून घ्यावेत. आणि आणखी एक. काही ठिकाणी गल्लीच्या तोंडावरच्या खांबावर विजेवर चालणारी पेटी असते. ती बंद पडली तर घरातल्या बॅटरीचा काडीचा उपयोग नाही. तिला वीज कोणाच्या मीटरवरून येते आणि तिथे बॅटरी आहे का, हे केबलवाल्याला पावसाआधीच विचारून घ्या.

– एक वाचक, दापोली
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी, प्रसिद्धीसाठी नाही)