पुढच्या टायरच्या रबराबाबत झालेल्या दिशाभुलीची तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ट्रेल सायकलिंगसाठी पुढच्या चाकाचा टायर सुचवताना निवड-तक्त्याने केलेली दिशाभूल, टायरवर रबराचा प्रकार न छापणे आणि रुंदीतील तफावत

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीचा २९ × २.४० इंच मापाचा ट्यूबलेस-रेडी (आत ट्यूब न घालता वापरता येणारा) टायर मी माझ्या माउंटन बाइकच्या पुढच्या चाकासाठी घेतला. आपल्या संकेतस्थळावरच्या निवड-तक्त्यात 'ट्रेल' (म्हणजे डोंगर-रानातली कच्ची पायवाट), 'मिश्र जमीन' आणि 'पुढचे चाक' हे पर्याय भरल्यावर जो टायर पहिल्या क्रमांकावर आला, तोच मागवला. तो ट्रेलवर पुढच्या चाकाला लावण्याजोगा नाही, आणि हे गिऱ्हाइकाला आधी कळावे अशी एकही खूण आपण टायरवर, वेष्टनावर किंवा तक्त्यात ठेवलेली नाही, अशी माझी तक्रार आहे. ईमेलने केलेल्या पहिल्या तक्रारीला आलेले उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

कोरड्या, टणक मातीवर हा टायर चांगला धावतो. त्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. पण ओला दगड आला, उघडी पडलेली मुळे आली, किंवा कडक जमिनीवर बारीक खडी पसरलेली असली, की पुढचे चाक काहीही पूर्वसूचना न देता सुटते. डोंगराच्या कुशीतून आडव्या जाणाऱ्या एका वाटेवर, वेग बेताचा आणि पुढच्या ब्रेकवर जेमतेम एक बोट असताना, ओल्या मुळावरून चाक दरीच्या बाजूला सरकले. हँडल हातातून वळून गेले आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. माझ्यामागून येणाऱ्या सहकाऱ्याच्या सायकलीला पुढे आपल्याच कंपनीचा, त्याच नावाचा आणि त्याच नक्षीचा टायर होता. तो त्याच मुळावरून गेला. त्याचे चाक जागचे हलले नाही.

त्या दिवशी आम्ही दोन्ही सायकली शेजारी उभ्या करून टायर न्याहाळले. मधल्या नॉबची (टायरवरच्या रबरी उंचवट्यांची) उंची, कडेच्या नॉबचा आकार, त्यांवरच्या बारीक चिरा, बाजूवरची अक्षरे, सगळे सारखे. फरक नखाने दाबल्यावर कळला. त्याच्या टायरच्या कडेच्या नॉबमध्ये नख रुतायचे आणि उमटलेली खूण सावकाश भरून यायची. माझ्या टायरवर नख नुसते घसरत होते. पुढे आमच्या गटातल्या एकाकडच्या ड्युरोमीटरने, म्हणजे रबराचा कडकपणा मोजणाऱ्या उपकरणाने, दोन्ही टायर एकाच जागी, एकाच तापमानाला मोजले. शोर ए मापनावर (आकडा जितका मोठा तितके रबर कडक) त्याचा आकडा ५१ आला, माझा ६२. मग वेष्टनाचे कागदी पट्टे शोधून काढले. दोन्ही पट्ट्यांवर नाव, माप, वजनाचा गट सगळे एकच आहे. वेगळी आहेत ती फक्त बारकोडखालच्या मालक्रमांकातली शेवटची दोन अक्षरे. ती अक्षरे रबराचा प्रकार सांगतात, हे आपल्या वितरकांसाठीच्या यादीत लिहिलेले असेल. विकत घेणाऱ्याला ते कुठे वाचायला मिळते?

हा भेद किरकोळ नाही. सायकलीचा तोल, वळण आणि ब्रेकचा मोठा भाग पुढच्या चाकावर असतो. उतारावर ब्रेक लावला की वजन पुढे येते आणि मागचे चाक हलके पडते. मागचे चाक घसरले तर स्वार अंगाने सावरू शकतो. पुढचे सुटले तर तेवढा वेळच मिळत नाही. म्हणूनच ट्रेलवर सायकल चालवणारे लोक पुढे मऊ रबराचा, रुंद आणि ठसठशीत नॉबचा टायर घालतात आणि मागे त्याहून कडक, वेगाने फिरणारा घालतात. हे कुणा एका स्वाराचे मत नाही, टायर बनवणाऱ्या कंपन्याही तेच धरून चालतात. मॅक्सिसच्या मिनियन डीएचएफ या टायरच्या नावातला एफ पुढच्या चाकासाठी आहे. कॉन्टिनेन्टलने क्रिप्टोटल हा टायर पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा असाच काढला. आपल्या तक्त्यात मात्र 'पुढचे चाक' निवडा किंवा 'मागचे चाक' निवडा, पहिल्या क्रमांकावर तोच टायर येतो. आपण स्वतः तपासून पाहावे. जो पर्याय भरल्याने उत्तर बदलत नाही, तो विचारता कशाला?

आता आपल्या प्रतिनिधीच्या उत्तराबद्दल.

त्यांनी पहिला मुद्दा हवेचा काढला. मी २२ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हवेच्या दाबाचे एकक) हवा ठेवते हे वाचून त्यांनी 'हवा अपुरी असल्याने टायर घसरला' असे लिहिले आणि ३५ पीएसआय भरायला सांगितले. ट्यूबलेस टायर, २९ इंची चाक, आतून ३० मिलिमीटर रुंद रिम आणि माझे मध्यम वजन पाहता पुढे २० ते २५ पीएसआय ही ट्रेलवरची अगदी नेहमीची हवा आहे. हवा फार कमी असेल तर टायर वळणावर मुडपतो, रिमवर दगडाचा ठोका बसतो. या दोन्हींपैकी काहीच झालेले नव्हते. रिमवर एकही ओरखडा नाही. उलट ३५ पीएसआयला टायर फुगून कडक होतो, जमिनीला टेकणारा भाग लहान होतो आणि दगडावर बसण्याऐवजी चाक त्यावरून उडते. ओल्या मुळावर घसरणाऱ्या माणसाला हवा वाढवायला सांगणे हा धोकादायक सल्ला आहे. तो कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून आला, याचे मला जास्त वाईट वाटते. टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा असतो, रोजच्या वापराचा नव्हे, एवढे तरी तक्रार हाताळणाऱ्यांना माहीत असायला हवे.

दुसरा मुद्दा झिजेचा. 'मऊ रबर लवकर झिजते, म्हणून ग्राहकाच्या हिताचा विचार करून आम्ही टिकाऊ रबर सुचवतो' असे उत्तरात म्हटले आहे. मागच्या चाकाबाबत हे मी मान्य करीन. पॅडलचा सगळा जोर मागच्या टायरमधून जमिनीत उतरतो, चाक अडकून घासले जाते तेही बहुधा मागचेच. पुढचा टायर त्यामानाने सावकाश झिजतो. मऊ रबराची जागा पुढेच असते, ती याही कारणाने. वेगाचा हिशोबही तसाच आहे. सपाटीवर बसून पॅडल मारताना अधिक भार मागच्या चाकावर असतो, त्यामुळे पुढे जरा जड फिरणारे रबर घातले तर तेच मागे घालण्यापेक्षा तोटा कमी. थोडक्यात, ज्या चाकावर मऊ रबराची किंमत सर्वांत कमी मोजावी लागते आणि फायदा सर्वांत जास्त मिळतो, नेमके त्याच चाकासाठी आपण कडक रबर सुचवले.

तिसरा मुद्दा वाचून मी थक्क झाले. 'आपल्या टायरचे केसिंग १२० टीपीआयचे असल्याने ते अधिक मजबूत आहे' असे ते म्हणतात. केसिंग म्हणजे रबराखालचा टायरचा कापडी सांगाडा. टीपीआय म्हणजे केसिंगच्या कापडात दर इंचाला किती धागे आहेत तो आकडा. धागे जास्त म्हणजे ते बारीक, आणि कापड अधिक लवचिक व हलके. असा टायर खडबडीत जमिनीवर छान बसतो हे खरे, पण मजबुती त्या एका आकड्यावरून ठरत नाही. एका थरातले ६० धाग्यांचे जाड कापड कापले जायला बरेचदा जास्त वेळ घेते. किती थर आहेत, बाजूला संरक्षक पट्टी आहे की नाही, बीडजवळ (टायरच्या रिममध्ये बसणाऱ्या कडेजवळ) रबराची जादा पट्टी घातली आहे का, हे सांगितल्याशिवाय १२० या आकड्याला काही अर्थ राहत नाही. आणि काही कंपन्या सगळ्या थरांचे धागे एकत्र मोजून मोठा आकडा छापतात, तेव्हा दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाही करता येत नाही. शिवाय माझी तक्रार केसिंगची नव्हतीच. पकडीबद्दल विचारले तर मजबुतीचे उत्तर का?

रुंदीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण हा मुद्दा मोजून सिद्ध होतो. टायरवर आपण ६१-६२२ असे छापले आहे, म्हणजे ६१ मिलिमीटर रुंदी आणि रिमवर बसण्याचा व्यास ६२२ मिलिमीटर. आतून ३० मिलिमीटर रुंद रिमवर बसवून, पूर्ण हवा भरून, टायर ताणला जावा म्हणून दिवसभर तसाच ठेवून मग व्हर्नियरने मोजले, तर केसिंगची रुंदी ५७ मिलिमीटर भरते. रिम अरुंद असली तर टायर थोडा अरुंद बसतो हे मला माहीत आहे, पण ट्रेलच्या सायकलीला ३० मिलिमीटर रिम अरुंद म्हणता येणार नाही. सहकाऱ्याचा मऊ रबराचा टायर तितक्याच रुंद रिमवर ६० मिलिमीटर भरतो. चार मिलिमीटर कमी म्हणजे आतली हवाही कमी, आणि कमी दाबावर रिम दगडाला लागण्याची भीती जास्त. नाइलाजाने हवा वाढवावी लागते, आणि मग पकड आणखी कमी होते.

नक्षीबद्दल मात्र मी आपले कौतुकच करीन, आणि हे मनापासून लिहिते आहे. मधल्या आणि कडेच्या नॉबच्या दरम्यान आपण जे जोडणारे नॉब घातले आहेत, त्यांमुळे सायकल कलवताना पकड तुटत नाही. या दोन्हींच्या दरम्यान मोकळी पन्हळ असलेल्या टायरवर सायकल ठामपणे कलवावी लागते, नाहीतर मधले नॉब सुटलेले आणि कडेचे अजून टेकलेले नाहीत अशी अवस्था येते. आपल्या टायरवर ती येत नाही. सहकाऱ्याच्या सायकलीवर मी हे अनुभवले. चिखलाच्या वळणावर हँडल हलके वळवले तरी चाक रुळावर असल्यासारखे जाते. कडेच्या नॉबमागचा भक्कम आधारही जाणवतो. एवढी विचारपूर्वक केलेली नक्षी कडक रबरात ओतून, तीच वस्तू आहे असे भासवून विकली जाते, याचा राग येतो. नक्षी काढणाऱ्या आपल्याच माणसांवरही हा अन्याय आहे. चांगल्या नॉबने दगडाच्या बारीक खडबडीत रबर दाबून बसवायचे असते. रबरच बसले नाही तर नॉबच्या आकाराने काय साधणार?

ही माहिती देणे अवघड नाही. श्वाल्बे या टायर कंपनीच्या अ‍ॅडिक्स रबराला रंगाची पट्टी असते. लाल, निळी, नारिंगी, जांभळी अशी ती दिसली की दुरूनही कळते की हे वेगाचे रबर की मऊ. मॅक्सिसच्या टायरच्या बाजूवर रबराचा प्रकार मॅक्सटेरा की त्याहून मऊ मॅक्सग्रिप, ते छापलेले असते. आकडा द्यायचा नसेल तर देऊ नका, केवळ कडकपणाच्या आकड्यावरून पकड ठरत नाही हेही मला मान्य आहे. रबर दाबल्यावर किती सावकाश पूर्ववत होते यावरही बरेच अवलंबून असते. पण 'मऊ' आणि 'कडक' हे दोन शब्द तरी टायरवर हवेत.

माझ्या अपेक्षा अशा आहेत. माझा टायर परत घेऊन त्याच मापाचा मऊ रबराचा टायर द्यावा, आणि तो ६१ मिलिमीटरच्या जवळपास भरतो हे तपासून पाठवावा. पैसे परत किंवा पुढच्या खरेदीवर सवलत मला नको आहे. मला टायरच हवा आहे, कारण नक्षी मला पसंत आहे. निवड-तक्त्यातून हा कडक प्रकार पुढच्या चाकाच्या शिफारशीतून तातडीने काढावा. मागच्या चाकासाठी तो खुशाल ठेवा, तिथे तो शोभतो. रबराचा प्रकार टायरच्या बाजूवर ठळक छापावा, आणि नवा साचा तयार होईपर्यंत निदान वेष्टनावर चिकटपट्टी लावावी. ज्यांनी तक्त्यावर विसंबून हाच टायर पुढच्या चाकासाठी मागवला आहे, त्यांना आपण होऊन कळवावे. ऑनलाइन मागवणाऱ्यांचे ईमेल पत्ते आपल्याकडे आहेतच. शेवटचे, 'चुकीच्या वापरामुळे' हे शब्द असलेले माझ्या तक्रारीवरचे उत्तर लेखी मागे घ्यावे, आणि ३५ पीएसआयचा सल्ला आणखी कुणाला दिला असेल तर तोही दुरुस्त करावा.

टायर मी चाकावरून उतरवून, सीलंट (छिद्रे बुजवणारा आतला द्रव) पुसून, जपून ठेवला आहे. आपल्या तांत्रिक विभागाला तो पाहायचा असेल तर पाठवीन, मात्र तपासणीचा अहवाल मला मिळाला पाहिजे. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर द्यावे आणि ते टायर समजणाऱ्या माणसाने लिहावे, ही विनंती.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, निवड-तक्त्यातील शिफारशीचे चित्र, दोन्ही वेष्टनांच्या पट्ट्यांची छायाचित्रे, ड्युरोमीटर व व्हर्नियरच्या मापांची छायाचित्रे, आपल्या प्रतिनिधीच्या ईमेलची प्रत